गादी उन्हात टाकण्याचा अर्ज

१९९३ च्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत माणसाची योग्यता लिटरमध्ये मोजली जात असे. विधान अतिशयोक्त वाटेल, म्हणून परिस्थिती नमूद करतो. जमिनीखालच्या टाकीला तडा गेला होता आणि तिच्या दुरुस्तीची तीन दरपत्रके सोसायटीचे सेक्रेटरी दशरथ मोहिते यांच्या फायलीत एकमेकांशी तुलना होण्याची वाट पाहत पडली होती. परिणामी मीरा रोडच्या शांती नगरातल्या आमच्या फाटकाशी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी साडेसहाला टँकर लागे आणि सोळा बिऱ्हाडे आपापले पाणी जिन्याने वर नेत. चौथ्या मजल्यावरचे सत्तरीचे गृहस्थ दोन कळशा नेत. पहिल्या मजल्यावरची शाळकरी मुलगी एक हंडा नेई. मी, वय अडतीस, रसायनशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर, तिसऱ्या मजल्यावर काहीही नेत नसे. दोन बादल्या घेऊन पुढे चाललेल्या माझ्या पत्नीच्या, उर्मिलाच्या, मागून मी रिकाम्या हातांनी चढत असे.

कारण इतकेच, की मी सत्तावीस वर्षांचा असल्यापासून इन्सुलिनवर आहे. १९८९ मध्ये एकदा टँकरपाशीच माझी रक्तशर्करा खाली गेली आणि मी भरलेल्या बादलीसह आडवा झालो. लोकांनी मला उचलले, परंतु त्यांचे डोळे सांडलेल्या पाण्यावर होते, हे मी अर्धवट शुद्धीतही टिपले. त्या दिवसापासून माझ्यावर बंदी आली. तळमजल्यावरच्या हंसाबेन मला जिन्यात पाहताच सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "काशीनाथभाई, तुम हाथ मत लगाना हां! तुमको शुगर छे." मग उर्मिलाकडे वळून, "बिचारी." हे 'बिचारी' मी चार वर्षे, आठवड्यातून तीनदा ऐकले. गुणाकार वाचकांनी करावा.

तरीही मी ते ऐकून घेतले असते. पण त्या मार्चमध्ये उर्मिलाचा उजवा खांदा दुखू लागला. ती केस विंचरताना हात वर नेण्याऐवजी डोके खाली आणू लागली.

"बादल्या मी नेतो," मी म्हणालो.

"अहो, आणि पडलात म्हणजे? पाणीही गेलं आणि तुम्हीही."

"क्रम उलटा असायला हवा होता."

"डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणा. त्यांनी लिहून दिलं तर न्या. नाहीतर माझा खांदा आहे आणि मी आहे."

डॉक्टर शैला वर्तक या भाईंदरला बसत. मोजके बोलत आणि रुग्णाने आणलेले तक्ते खरोखर वाचत, म्हणून मला त्या मान्य होत्या. त्यांनी आधी माझ्या डोळ्यांचे पडदे तपासून घेतले. वजन उचलताना दाब वाढतो आणि पडद्यावरच्या रक्तवाहिन्या कमकुवत असतील तर त्या फुटू शकतात. पडदे ठीक निघाले. मग त्या म्हणाल्या, "काशीनाथ, चार वर्षं काही उचललं नाहीत आणि एकदम अठरा लिटरची बादली तीन मजले? नाही. आठ आठवडे वजनांचा व्यायाम करा, हळूहळू वाढवत. आधी आणि नंतर शुगर बघा. शंभराच्या खाली असेल तर खाऊन घ्या. फार वर असेल तर त्या दिवशी सुट्टी. आणि श्वास कोंडायचा नाही. उचलताना मोठ्यानं आकडे म्हणा. आठ आठवड्यांनी वही दाखवा, मग चिठ्ठी."

शास्त्रीय दृष्ट्या ही योजना निर्दोष होती. तिच्यात एकच त्रुटी होती. ती मीरा रोडला राबवायची होती.

पहिला प्रश्न वजनांचा. आमची प्रयोगशाळा जवळच हाटकेशला, एका रंगाच्या कारखान्यात. तिच्या मागच्या गाळ्यात बबन नावाचा कारागीर लोखंडी फाटके करी. त्याला पाच-पाच किलोची जोडी सांगितली. त्याने ती तासाभरात केली. मी ती प्रयोगशाळेतल्या काट्यावर ठेवली. एक पाच किलो सहाशे चाळीस ग्रॅम भरले, दुसरे चार किलो तीनशे पंच्याऐंशी.

"साहेब, हाताला तर सारखीच लागतायत," बबन म्हणाला.

"काट्याला लागत नाहीत."

"तुम्ही काटा उचलणार की डंबेल?" असे म्हणून त्याने हलक्याला एक तुकडा जोडला. आता ते सहा किलो शंभर ग्रॅम झाले. "बघा, आता दुसऱ्याला जोडू? की याला घासू?" या पद्धतीने दोन्ही वजने अनंताकडे गेली असती, म्हणून मी थांबलो.

आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली, जिच्याबद्दल मला त्या वेळी अभिमान वाटला होता. पाणी! एक लिटर, एक किलो. मे महिन्याच्या तापमानाला जेमतेम अर्ध्या टक्क्याची चूक, तीही आपल्या बाजूने. तेलाचे रिकामे कॅन दोन पाच लिटरचे आणि दोन दहा लिटरचे मिळवले. वजन हवे तसे वाढवता येणार होते, तेही मोजपात्राने. संपूर्ण मीरा रोडमध्ये पाण्याकडे केवळ वस्तुमान म्हणून पाहणारा मी बहुधा एकटाच इसम होतो. या एकटेपणाने मला सावध करायला हवे होते.

एकदा भरलेले पाणी महिनोन् महिने राहणार, त्यात शेवाळ आणि डास होणार, म्हणून त्यात मोरचूद घातले. अत्यल्प पुरले असते. परंतु चुकून कोणी पिऊ नये म्हणून पाणी निळे दिसणे आवश्यक वाटले आणि मी मात्रा वाढवली. कॅनवर 'पिण्यासाठी नाही' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. चारही कॅनच्या मुठींतून साखळी ओवून कुलूप लावले. यातली प्रत्येक कृती सुरक्षिततेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभली असती.

दुसरा प्रश्न जागेचा. आमचे घर दीड खोलीचे. त्यातली अर्धी खोली पाण्याच्या पिंपांनी व्यापलेली. राहिली गच्ची आणि गच्चीची किल्ली मोहित्यांकडे. मोहिते एका सरकारी खात्यात होते. खाते कोणते ते त्यांनी कधी सांगितले नाही, पण प्रत्येक वाक्यात ते जाणवे. मी अर्ज दिला. कारण: व्यायाम.

"काशीनाथराव, तसं देता येणार नाही," ते म्हणाले. "शहाऐंशीच्या ठरावात गच्चीचे तीनच उपयोग आहेत. पापड-कुरडया वाळवणे, अँटेना दुरुस्ती आणि गादी उन्हात टाकणे. व्यायाम हे शीर्षकच नाही."

"मग ठराव बदला."

"सर्वसाधारण सभा सप्टेंबरात."

"तोवर?"

मोहित्यांनी इकडेतिकडे पाहिले. त्यांच्यातल्या माणसाने त्यांच्यातल्या कारकुनावर क्षणभर मात केली. "गादी टाका ना. वर गेल्यावर गादीशेजारी तुम्ही हात वर करताय की खाली, हे कोण बघतंय? फक्त गादी असली पाहिजे. कोणी विचारलं तर गादी दिसली पाहिजे."

मी खोटे लिहीत नाही. माझ्या व्यवसायात तो गुन्हा आहे. पण गादी मी खरोखरच नेणार होतो, त्यामुळे अर्जातले विधान सत्यच होते. अपूर्ण होते, इतकेच. मी अर्ज बदलून दिला आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार या टँकर नसलेल्या दिवशी सकाळी सव्वानऊला गादीची वळकटी खांद्यावर घेऊन गच्चीवर जाऊ लागलो. नोकरी दुपार पाळीची असल्याने ही वेळ सोयीची होती. इन्सुलिन पोटावर टोचून घेई, कारण ज्या हातांनी वजन उचलायचे त्या हातांत टोचले तर ते वेगाने भिनते. शर्करा पाहायच्या पट्ट्या महाग, म्हणून ब्लेडने उभ्या चिरून एकीच्या दोन करी. रक्ताचा थेंब, दोन मिनिटे थांबणे, मग डबीवरच्या रंगांशी ताडून पाहणे. आयुष्यभर रंगांच्या छटा जुळवून पगार घेतलेल्या माणसाला हे काम जमण्यासारखे होते.

पहिल्याच दिवशी निसर्गाने माझी फजिती केली. व्यायामाआधी शर्करा एकशे वीसच्या आसपास होती, नंतर एकशे ऐंशी. कष्टाने शर्करा उतरते, हे मला पाठ होते. पाठ असलेल्या गोष्टीला पुरावा जुळेना, तेव्हा मी पुरावा दुरुस्त करायला निघालो आणि दोन युनिट इन्सुलिन जास्त घेतले. दुपारी चार वाजता प्रयोगशाळेत मला सर्व मानवजातीबद्दल अकारण प्रेम वाटू लागले आणि दरदरून घाम फुटला. सहकाऱ्यांनी साखर भरवली. त्या दिवशीच्या नोंदवहीत पांढऱ्या रंगाच्या एका नमुन्यापुढे, जिथे छटेचा क्रमांक लिहायचा असतो, तिथे माझ्या अक्षरात 'सुंदर' असे लिहिलेले आहे.

डॉक्टर वर्तक हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. "जोराचं वजन उचललं की थोडा वेळ शुगर वर जाते. शरीर स्वतःच साखर सोडतं. ती आपोआप उतरते, कधी कधी संध्याकाळपर्यंत उतरत राहते. तिच्या मागे सुई घेऊन धावायचं नाही. पुन्हा असं केलंत तर चिठ्ठी विसरा."

मी पुन्हा तसे केले नाही. पाच लिटरवरून सातवर गेलो, सातवरून नऊवर. चौथ्या आठवड्यात शर्टाच्या बाह्या दंडाशी अडू लागल्या. मी फुटपट्टीने खात्री करून घेतली.

याच सुमारास इमारतीच्या वागण्यात फरक पडला. माणसे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागली. एके सकाळी हंसाबेननी मला जिन्यात गाठून वाटीभर काळे तीळ हातात ठेवले. "रोज रात को एक चमचा. गुड़ नहीं डाला, तुम्हारे लिए. शरमाना मत. मेरे भाणेज को भी था, तीळ से एकदम बंद."

"काय बंद?"

"वही." त्यांनी वर, गच्चीच्या दिशेने पाहिले. "उर्मिला तो कुछ बोलती नहीं बिचारी. लेकिन गादी तो सबको दिखती है ना."

मी दोन मजले चढेपर्यंत मला अर्थबोध झाला नाही. मधुमेहात लघवी जास्त होते, हे इमारतीला ठाऊक होते. मी एक दिवसाआड गादी वाळत घालतो, हे इमारत पाहत होती. या दोन निरीक्षणांवरून सोळा बिऱ्हाडांनी जो निष्कर्ष काढला होता, तो तर्कशास्त्राच्या कसोटीवर दुर्दैवाने बरा होता. गच्चीवरून येणारे माझे 'एक… दोन… तीन…' हे कण्हणे लोकांनी पश्चात्ताप म्हणून जमेस धरले होते.

"त्यांना खरं सांगून टाका," उर्मिला म्हणाली. तिला हसू आवरत नव्हते, आणि त्याने खांदा अधिक दुखत होता.

"खरं सांगितलं तर अर्ज खोटा ठरतो. मोहिते किल्ली काढून घेतील. चार आठवडे राहिलेत."

"मग?"

"मग तीळ खातो."

आणि मी ते खाल्ले. शास्त्रासाठी लोकांनी याहून अधिक सोसले आहे, अशी मी मनाची समजूत घातली. उदाहरण मात्र आठवले नाही.

सातव्या आठवड्यात मोहिते एका कंत्राटदाराला घेऊन गच्चीवरची कोरडी टाकी दाखवायला गेले. टाकीच्या मागे त्यांना साखळीने बांधलेले, कुलूपबंद, चार कॅन सापडले. आत पाणी. तीस लिटर. ज्या महिन्यात लोक भांडी राखेने घासून पुसून ठेवत होते, त्या महिन्यात तीस लिटर! संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली: 'गच्चीवर अज्ञात सभासदाने केलेल्या पाण्याच्या (निळ्या) बेकायदा साठ्याबाबत तातडीची सभा. रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ: तळमजला, मोकळी जागा.'

रविवारी झाडून सारे आले. मध्यभागी पुराव्यादाखल चार कॅन मांडले होते. टँकरवाला धाकू त्या दिवशी आपली थकलेली बिले घेऊन आला होता, तोही थांबला. तो भाईंदर गावातला. कॅनकडे बराच वेळ पाहून त्याने मत दिले, "ह्ये माझं पाणी न्हाय. माझं पिवळं असतंय."

"पिने का नहीं है, तो ताला कायको?" हंसाबेननी विचारले. "जो पिने का नहीं, उसको कौन ताला लगाता है?" सभेने माना डोलावल्या.

मोहित्यांनी चष्मा लावला. "गच्चीवर मागील सात आठवडे फक्त एका सभासदाला प्रवेश होता. काशीनाथराव, आपण फक्त गादीसाठी जात होता. बरोबर?"

माझ्या कोंडीची रचना वाचकांनी पाहावी. 'होय, फक्त गादीसाठी' म्हणालो, तर पाणी चोरलेले आणि गादी ओली. 'नाही' म्हणालो, तर अर्जात लबाडी. ज्यांच्या सल्ल्याने ती केली ते गृहस्थ समोर चष्मा लावून बसलेले, आणि सल्ला त्यांना आठवत असल्याचे कोणतेही चिन्ह चेहऱ्यावर नाही. पुढच्या बाजूला उर्मिला बसली होती. तिने पदर सारखा करण्यासाठी उजवा हात उचलला, अर्ध्यात थांबवला आणि डाव्या हाताने पदर घेतला.

मी उभा राहिलो. "पाणी माझं आहे. टँकरचं, माझ्याच वाट्यातलं. ते मी साठवत नव्हतो, उचलत होतो."

"कुठे नेण्यासाठी?" मोहिते.

"कुठेही नाही. वर आणि खाली. त्याच जागी."

धाकू म्हणाला, "ह्ये तर माझ्याहून येडं काम हाय."

मग मी सर्व सांगितले. आठ आठवडे, वही, चिठ्ठी, मोरचूद. मला वाटते, मी घनतेबद्दलही थोडे बोललो.

"अहो," उर्मिलाचा आवाज आला, "तुम्ही तीस किलो उचलता?"

"एका वेळी वीसच. दहा आणि दहा."

"मला पाच सांगितले होते."

"सुरुवातीला पाचच होते."

"और गादी?" हंसाबेन.

"गादी कोरडी आहे. पहिल्या दिवसापासून. तीळ मी केवळ आपल्या आदराखातर खाल्ले."

"उचलून दाखवा," मागून कोणी तरी म्हणाले, आणि सभा एका सुरात 'हां, दाखवा' म्हणू लागली. इथे दुसरा कोणी असता तर त्याने तत्काळ बाह्या सरसावल्या असत्या. मी खिशातून डबी काढली. बोट टोचले. चिरलेल्या पट्टीवर थेंब ठेवला आणि घड्याळाकडे पाहत उभा राहिलो. दोन मिनिटे ऐंशी माणसे एका कागदाच्या कपच्याकडे श्वास रोखून पाहत होती. एवढे लक्ष मला माझ्या लग्नातही मिळाले नव्हते.

"सत्तरच्या आसपास," मी म्हणालो. सभेच्या ताणात मी न्याहारी निम्मीच केली होती. "आत्ता उचलता येणार नाही. आधी साखर, मग पंधरा मिनिटं."

कोणी तरी हसले. "झालं! जमत नाही म्हणा ना सरळ."

"जमतं. पंधरा मिनिटांनी."

चार वर्षांपूर्वी नेमके हेच वाक्य मी टँकरपाशी म्हणायला हवे होते. तेव्हा लाजेपोटी गिळले होते. आता मी खुर्चीवर बसलो आणि साखर-पाणी मागितले. आणि मग जे घडले त्याचे मला आजही शास्त्रीय स्पष्टीकरण देता येत नाही. तशा त्या महिन्यात, सोळा बिऱ्हाडांपैकी अकरांनी धावत जाऊन पाण्याचे ग्लास आणले. हंसाबेननी त्यांच्या ग्लासात साखर घातली आणि चमचे मोठ्याने मोजले. मोहित्यांनी इतिवृत्तात लिहिले, 'सभासदाच्या प्रकृतीकारणास्तव सभा पंधरा मिनिटे तहकूब.' मग लेखणी थांबवून, कोणाकडेही न पाहता त्यांनी पुढे लिहिले, 'गादीबाबतची सूचना तोंडी स्वरूपात सेक्रेटरींनीच केली होती.'

पंधरा मिनिटांनी दुसरी पट्टी एकशे दहा दाखवत होती. मी दोन कॅन उचलले. मोठ्याने आकडे म्हणण्याचा नियम होता, तो पाळला. 'तीन'ला पहिल्या मजल्यावरची मुलगी माझ्याबरोबर मोजू लागली. 'पाच'ला हंसाबेन 'पांच' म्हणाल्या. 'आठ'ला सगळी इमारत ओरडली आणि मी कॅन खाली ठेवले. आवाज न करता, कारण ते आदळणे हा व्यायामाचा भाग नाही.

साठ्याचा आरोप रद्द झाला. गच्चीचा चौथा उपयोग 'व्यायाम (स्वतःच्या पाण्यासह)' असा मंजूर झाला. लोक मला त्याच दिवशी बादली द्यायला निघाले होते. उर्मिला मात्र जागची हलली नाही. "आठ आठवडे म्हणजे आठ," ती म्हणाली. "सात झालेत." शास्त्रज्ञ मी असलो तरी आमच्या घरात प्रयोगाची शिस्त कोण पाळते, हे तेव्हा कळले.

पुढच्या सोमवारी डॉक्टर वर्तकांनी वही शेवटपर्यंत वाचली. 'सुंदर'चा प्रसंग मी तिच्यात प्रामाणिकपणे नोंदवला होता. तिथे त्या थोडा वेळ थांबल्या. मग चिठ्ठी लिहिली: 'एका वेळी एक बादली. आधी तपासणी. खिशात साखर.'

मंगळवारी साडेसहाला मी रांगेत उभा राहिलो. उर्मिलाने चिठ्ठी दोनदा वाचली, पट्टीचा रंग स्वतः डबीशी ताडून पाहिला आणि बादलीची कडी माझ्या हातात दिली. धाकूने पाइप धरला आणि नेहमीपेक्षा काठोकाठ भरली, हा मान होता की परीक्षा, ते कळले नाही. मी मोठ्याने आकडे म्हणत चढलो. माझ्या मागून उर्मिला रिकाम्या हातांनी येत होती. हंसाबेन दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडले, उर्मिलाकडे पाहिले आणि 'बिचारी' न म्हणता मिटले.

अठ्ठेचाळीस पायऱ्या. सुमारे दीड लिटर जिन्यात सांडले. साडेसोळा लिटर पिंपात पडले. मी दम घेत होतो. उर्मिलाने पिंपात वाकून पाहिले, जणू पाणी खरेच तिथे आहे की नाही याची खात्री करत होती.

"दुसरी आणता?" ती म्हणाली.

चार वर्षांत मला कोणीही पहिली बादलीसुद्धा मागितली नव्हती. माझी पहिली ऊर्मी सरळ जिन्याकडे धावण्याची होती. पण तळव्यांना किंचित घाम होता, आणि तो चढण्याचा की दुसऱ्या कशाचा, हे ठरवता येत नव्हते.

"आधी एक पट्टी पाहतो. दोन मिनिटं."

खाली धाकू ओरडत होता, रांग पुढे सरकत होती, जिन्यात हंडे आपटत होते. उर्मिलाने रिकामी बादली उपडी घातली. "पाहा ना," ती म्हणाली, "मला कसली घाई," आणि त्या बादलीवर ती बसली. टँकरच्या दिवशी तिला बसलेली मी प्रथमच पाहत होतो.